पावसाळा संपेपर्यंत

घर सुटण्याची वेळ आलेल्या भाडेकरूंना मदत करणाऱ्या मुंबईतल्या एका केंद्रात मी दर शनिवारी जातो. काम साधं आहे. नोटीस वाचायची, कागद लावायचे, घरमालकाला फोन करायचा, गरज पडली तर वकिलाकडे न्यायचं. आम्ही मोजके लोक आणि बाहेर बाकावर बसलेली माणसं कायम जास्त. कुणाला आधी आत घ्यायचं, हा प्रश्न दर शनिवारी पडतो.

आठवडाभर कोड लिहिणाऱ्या माणसाला अशा प्रश्नावर एकच उत्तर सुचतं. मी एक शीट बनवली. रजिस्टर्ड करार आहे का, भाड्याच्या पावत्या आहेत का, कोर्टाची मुदत किती उरली, थकबाकी किती, यावरून दहापैकी गुण. ज्याचं घर वाचण्याची शक्यता जास्त, तो वर. वेळ कमी असेल तर तो जिथे उपयोगी पडेल तिथेच घालवावा, यात चूक काय?

पहिल्याच महिन्यात लालबागच्या चाळीतले एक आजोबा आले. पागडीची खोली, भाडं काही शे रुपये. आजारपणात चौदा महिने भाडं थकलं आणि मालकानं दावा लावला. समन्स हातात पडलं तेव्हा आजोबा घाबरले आणि त्यांनी ते कपाटात कपड्यांखाली ठेवून दिलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 म्हणतो की समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकलेलं भाडं 15 टक्के सरळ व्याजासह भरलं, दाव्याचा खर्च दिला आणि पुढचं भाडं नियमित भरत राहिलं, तर थकबाकीसाठी घर खाली करण्याचा हुकूम होत नाही. आजोबा आले तेव्हा 61 दिवस गेले होते. सगळी रक्कम माझ्या एका वीकेंडच्या खर्चाइतकी. दोन चकरांत काम झालं. शीटमध्ये गुण नऊ, निकाल हिरवा.

त्याच दिवशी भांडुपहून एक ताई आल्या होत्या. चार घरी पोळ्या करतात, दोन मुली, थोरली दहावीत. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार नोव्हेंबरमध्ये संपला होता. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलेलं, त्याला खोली हवी होती. इथे कायदा अगदी स्पष्ट आहे, पण उलट्या बाजूनं. करार संपला की जागा सोडायची. नाही सोडली तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज होतो आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट नुकसानभरपाई द्यावी लागते. ताईंचे गुण दोन. मी त्यांना नीट, नम्रपणे सांगितलं की यात काही करता येणार नाही.

त्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, "दादा, घर माझं नाही ते मला माहितीये. पोरीची परीक्षा होऊ दे, एवढंच बघा."

घरी जाताना लोकलमध्ये मला माझ्या शीटमधली गडबड दिसायला लागली. ज्याच्याकडे कागद आहेत त्याला गुण जास्त, हा माझा नियम. पण कागद कुणाकडे असतात? जो एकाच जागी चाळीस वर्षं राहिला, ज्याला कायद्यानं आधीच आधार दिलाय, त्याच्याकडे. ज्याला दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवावं लागतं, त्याच्याकडे कसले कागद राहणार? कायद्यानं ज्यांना कमी दिलं, त्यांना माझ्या शीटनंही कमीच दिलं, आणि तेही कार्यक्षमतेच्या नावाखाली.

पण याचा अर्थ शीट फेकून द्यावी असा होत नाही. त्या शनिवारी मी आधी ताईंसोबत तीन तास बसलो असतो आणि आजोबांना पुढच्या वेळी या म्हटलं असतं, तर त्यांचे आणखी सात दिवस गेले असते. जिथे नक्की वाचवता येईल अशा माणसाला हरणाऱ्या लढाईसाठी ताटकळत ठेवणं, हीसुद्धा क्रूरताच. शिवाय ताईंचा मालक काही खलनायक नव्हता. त्याचंही घर दोन खोल्यांचंच होतं आणि त्याचा हक्क खरा होता. मग ताईंचं माझ्यावर नक्की काय देणं लागत होतं?

याचं उत्तर शोधताना मी एक जुना निकाल वाचला. जुलै 1981 मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतल्या फुटपाथवासीयांना हटवून शहराबाहेर पाठवण्याची घोषणा केली. लोक कोर्टात गेले, पत्रकार ओल्गा टेलिस त्यांच्यापैकी एक. 10 जुलै 1985 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी त्यात लिहिलं. यासाठी तो निकाल सगळ्यांना माहीत आहे. पण फुटपाथवरचे लोक तो खटला जिंकले नाहीत. फुटपाथवरून हटवण्याचा महापालिकेचा अधिकार कायम राहिला. नोटीस न देता हटवण्याची मुभा मात्र अपवादानंच वापरायची, एरवी माणसाचं ऐकून घ्यायचं, असं न्यायालयानं बजावलं. आणि आणखी एक गोष्ट सांगितली: पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत, कुणाला हटवायचं नाही.

कायद्याच्या पुस्तकात ती तारीख किरकोळ असेल. पण जुलैत डोक्यावरचं प्लास्टिक जाणं आणि नोव्हेंबरात जाणं, यात तान्ह्या मुलाच्या आईला काय फरक पडतो ते मुंबईकराला समजवावं लागत नाही. तो पावसाळा हरलेल्या खटल्यानं दिलेला होता.

माझ्या शीटला दोनच निकाल माहीत होते, घर वाचलं आणि घर गेलं. पण घर जाण्याचेही प्रकार असतात. एका माणसाचं सामान जिन्यात पडलेलं असतं आणि डिपॉझिट बुडालेलं. दुसरा तारीख ठरवून, पैसे परत घेऊन, त्याच शाळेजवळ दुसरी खोली बघून निघतो. शेवटी दोघांकडेही ते घर नसतं, पण दोघांचं आयुष्य सारखं नसतं. मी ज्याला शून्य समजत होतो, त्या शून्याच्या आतच बहुतेक काम होतं.

पुढच्या शनिवारी केंद्रातल्या ज्येष्ठ मावशी आणि मी भांडुपला गेलो. मालकासमोर कायदा काढण्यात अर्थ नव्हता, तो त्याच्याच बाजूनं होता. मावशींनी चहा घेतला, लग्नाची तारीख विचारली. लग्न एप्रिलच्या शेवटी होतं. मग खोली मार्चअखेर रिकामी झाली तर रंगकामाला महिना मिळतो, हा हिशेब त्यालाच सुचला. आम्ही ते कागदावर लिहून घेतलं, डिपॉझिट कधी परत मिळणार तेही लिहिलं. दोघांनी सही केली.

मार्चच्या शेवटी ताईंनी खोली सोडली. नवी खोली आधीच्यापेक्षा लहान आहे आणि भाडं हजार रुपयांनी जास्त. मुलीची परीक्षा झाली. हा विजय आहे असं मी म्हणणार नाही. ही खोलीही अकरा महिन्यांचीच आहे, आणि ही स्थिती माझ्या शनिवारांनी बदलणारी नाही. त्यासाठी कायदा आणि घरांचं गणित बदलावं लागेल.

शीट अजून वापरतो. आधी कुणाला बोलवायचं ते तीच सांगते. पण कुणाला परत पाठवायचं, हे मी तिला विचारत नाही. गुणांच्या शेजारी एक रकाना वाढवलाय, "किती वेळ हवा आहे?" हे आधी माणसालाच विचारावं लागतं. आजवर कुणीही "कायमचा" असं उत्तर दिलेलं नाही. कुणाला आईच्या ऑपरेशनपर्यंत हवा असतो, कुणाला पगाराच्या तारखेपर्यंत, कुणाला पाऊस थांबेपर्यंत.