काकडा आणि जागल

कोजागरी पौर्णिमेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत महिनाभर गावोगावच्या देवळांतून काकडा चालतो. हा नेम आम्ही लहानपणापासून पाहत आलो, यथाशक्ति करीतही आलो. पहाटेच्या काळोखात टाळ-मृदंगाचा आवाज कानी पडूनही जो अंथरूण सोडीत नाही तो आळशी, असे आम्ही खुशाल समजत होतो. कार्तिकात सावलीजवळच्या एका खेड्यात चार दिवस मुक्काम घडला आणि ही समजूत आम्हाला पुन्हा तपासावी लागली.

सावली हे मूलहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. चहूकडे धानाच्या बांध्या, बांध्यांच्या पलीकडे जंगल, आणि पूर्वेला वैनगंगा. कार्तिकात हलके धान कापून झालेले असते, भारी धान अजून उभे असते. त्या खेड्यात पहाटे साडेचारला काकडा सुरू होई. देवळाच्या शिखराशी चार दिशांना तोंड करून चार भोंगे बांधलेले होते. आम्ही काकड्याला बसलो, आरती झाली, प्रसाद घेतला आणि उजाडता-उजाडता बिऱ्हाडी परतलो. शेजारच्या ओसरीवर एक शेतकरी गुडघ्यांत मान घालून बसले होते. आम्ही थट्टेने म्हणालो, “काय पाटील, काकड्याला दिसला नाहीत?”

ते म्हणाले, “महाराज, रातभर बांधीवर जागलीले होतो जी. साडेतीनले पोरगा बदलीवर आला तवा घरी आलो. डोरा लागला न लागला, अन् भोंगा सुरू झाला.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता शीण होता. आम्हाला मात्र तोंड लपवावेसे वाटले.

जागल म्हणजे काय हे वऱ्हाड-झाडीच्या वाचकांना सांगावयास नको, पण देशावरील वाचकांसाठी सांगतो. धान पोटरीला आले की रानडुकरे आणि चितळ रात्री बांधीत शिरतात. एका रात्रीत महिन्यांची मेहनत तुडवून जातात. म्हणून घरातील एक माणूस मचाणावर किंवा बांधावर शेकोटी करून रात्रभर बसतो. तो टिनाचा डबा बडवतो, हाकारे घालतो. डोळा लागला की धान गेले. शिवाय या तालुक्यात वाघाचा वावर आहे, तेव्हा पेंगणाऱ्या माणसाचे केवळ धानच जाईल असे नाही. आता योग पाहा. आपल्या काकड्याचा महिना आणि भारी धानाच्या जागलीचा महिना जवळजवळ एकच आहे. आवाज करून जनावर दूर ठेवणारा हा माणूस पहाटे घरी येतो, आणि आपण आवाज करून त्याची झोप दूर ठेवतो.

तेव्हा प्रश्न असा: देवाचे नाव मुखी आहे एवढ्यावरून दुसऱ्याची झोप मोडण्याचा अधिकार आपणास प्राप्त होतो काय?

कोणी म्हणेल, दोन-चार दिवसांत सवय होते, मग ऐकूही येत नाही. यात थोडे खरे आहे, थोडे नाही. डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. झोपेतही कान उघडाच राहतो. आवाज आत येतो, परंतु मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस नावाचे एक ठाणे आहे, तेथे पुष्कळसा अडवला जातो. कोणता आवाज पुढे जाऊ द्यावा याची निवडही निजलेल्या माणसाच्या आत चालू असते. इयान ऑस्वाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली निजलेल्या माणसांना अनेक नावे ऐकवून पाहिली, तेव्हा इतर नावांपेक्षा स्वतःच्या नावाला त्यांचा मेंदू अधिक वेळा प्रतिसाद देई असे आढळले. मेघ गडगडले तरी न उठणारी बाळंतीण बाळाच्या कुरकुरीने उठते, हे आपल्या आयाबहिणींना कोणी प्रयोग करून सांगण्याची गरज नाही. परक्या गावची पहिली रात्र आपल्याला नीट झोप लागत नाही, त्याचेही कारण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्याहून हलका झोपतो, जणू जागलच करतो.

परंतु सवय झाली असे माणसास वाटते तेव्हा शरीराला ती पुरती झालेली नसते. माणूस जागा झाला नाही तरी मोठ्या आवाजासरशी हृदयाचे ठोके वाढतात आणि गाढ झोप उथळ होते. याच कारणाने जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली युरोपासाठी, रात्री घराबाहेरचा आवाज सरासरी चाळीस डेसिबलच्या वर नसावा, असे सुचवले.

दुसरी गोष्ट वेळेची. रात्री वेळेवर निजलेल्या माणसाची गाढ झोप पहिल्या प्रहरांत होऊन जाते. पहाटे त्याची झोप हलकी आणि स्वप्नांची असते, म्हणून साडेचारला टाळ वाजला तर तो सहज उठतो आणि प्रसन्नही असतो. काकड्याची वेळ ठरवणाऱ्या पूर्वजांना हे अनुभवाने ठाऊक असले पाहिजे. पण साडेतीनला आडवा झालेला जागल्या साडेचारला ऐन गाढ झोपेत असतो. त्या झोपेतून दचकून उठलेल्या माणसाला बराच वेळ सुधरत नाही. तशाच अवस्थेत त्याला विळा घेऊन कापणीला जावे लागते आणि रात्री परत मचाणावर. म्हणजे एकच काकडा आठ वाजता निजणाऱ्या आम्हाला अमृत आणि त्याला मार. यात दोष काकड्याचा नाही आणि त्याचाही नाही.

पूर्वीही काकडा होताच की, असे म्हणाल तर होता. तेव्हा देवळात दहा-वीस टाळकरी असत. एकाने चाल धरली, मग दुसऱ्याने, मग मृदंग, असा आवाज हळूहळू भरत जाई. पुढे प्रदक्षिणा निघाली तर ती दुरून येई आणि दूर निघून जाई. भोंग्याचे तसे नाही. ‘हॅलो, हॅलो’ होते, एक शिट्टी वाजते, की एकदम कडाका. झोपमोड होण्यास आवाजाच्या मोठेपणाइतकाच त्याचा अचानकपणा कारण होतो. रामायणात कुंभकर्णाला उठवायला नगारे, शंख आणि हत्ती लागले. आपल्या खेड्यात कुंभकर्ण कोणीच नाही, मग नगाऱ्याचा एवढा बाऊ कशाला?

आता संप्रदायाकडे वळू. आपला देव विटेवर उभा का आहे? पुंडलिक मातापित्यांच्या सेवेत होता, देव दारी आला, तर त्याने वीट फेकली आणि थांबावयास सांगितले. ही कथा सांगताना कीर्तनकार म्हणतात की पुंडलिक आईबापांचे पाय चुरीत होता, त्यांचा डोळा लागला होता, आणि ती झोप मोडू नये म्हणून तो उठला नाही. आम्ही ही कथा शेकडो वेळा ऐकली, सांगितलीही. पण तिचा हा अर्थ त्या ओसरीपाशी उभे राहीपर्यंत आमच्या ध्यानी आला नव्हता. दमलेल्या दोन जिवांची झोप मोडू नये म्हणून ज्या संप्रदायात देव उभा राहिला, त्या संप्रदायाचे आम्ही म्हणवितो, आणि देव उठावा म्हणून दमलेल्याची झोप मोडतो!

पंढरीचा रिवाजही पाहा. रोज रात्री शेजारती होते, पहाटे काकडा होतो. आषाढी-कार्तिकीला मात्र देवाचा पलंग काढतात, पाठीशी मऊ लोड लावतात आणि देव रात्रंदिवस दर्शन देत उभा राहतो. वारी सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाचा शिणवटा जावा म्हणून काढा दाखवतात आणि मग देव पुन्हा शेजघरी जातो. भक्तांनी देवालाही जागरणाचा शीण होतो असे मानले आणि त्याची भरपाई ठरवून दिली. सावलीच्या त्या शेतकऱ्याला काढा कोण देणार?

यावर एक जुना आक्षेप आहे आणि तो आम्ही टाळू इच्छित नाही. निद्रा तमोगुणाची. संतांनी आयुष्यभर ‘जागे व्हा’ म्हणून टाहो फोडला, मग आम्ही जागे केले तर अपराध कसला? आमचे उत्तर असे. संतांनी ज्या झोपेतून उठवले ती अंथरुणावरची नव्हे. दिवसाढवळ्या डोळे उघडे ठेवून जी माणसे देवघेवीत खोटे बोलतात, त्यांची ती झोप. धानाच्या रक्षणास रात्र जागणारा मनुष्य तर आम्हा सर्वांहून अधिक जागा होता. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी फार झोपणाऱ्याला योग नाही म्हटले, तसेच फार जागणाऱ्यालाही नाही म्हटले आहे. हे दुसरे अर्ध आम्ही सोईस्कर विसरतो. आणि एकादशीचा जागर हे व्रत आहे. व्रत स्वतःच्या देहाने करावयाचे. माझा उपवास मी शेजाऱ्याचे ताट ओढून करीत नाही, मग माझा जागर त्याच्या झोपेवर कसा होईल?

संमतीने गोष्ट वेगळी होते. याच सावलीत १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन भरले होते आणि गांधीजी येथे राहून गेले. त्यांच्या साबरमती आश्रमात पहाटे चारला घंटा होई आणि मग प्रार्थना. पण ती घंटा ज्यांनी तो नेम आपण होऊन पत्करला त्यांच्यासाठी होती. झाडीपट्टीतील नाटके मंडईच्या दिवसांत रात्र-रात्र चालतात, तेथेही माणूस आपल्या पायांनी जाऊन बसतो (शेजारी घर असणाऱ्यांचा प्रश्न उरतोच, तो नाटकवाल्यांनी पाहावा).

कायद्याचे म्हणाल तर तो स्पष्ट आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा लावता येत नाही. वर्षातील काही दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पहाटेसाठी तशी सोय नाही. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही हीच बंदी उचलून धरली. पण फौजदार येईपर्यंत वाट पाहावी, ही गोष्ट माळकऱ्यास शोभत नाही.

त्या संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर भजनी मंडळीपाशी हा विषय आम्ही काढला. तरुण मंडळी थोडी नाराज झाली. भोंग्यांना वर्गणी जमवली होती. एक वृद्ध टाळकरी मात्र म्हणाले, “भोंगा नव्हता तेव्हा ऐकायचं असेल तर देवळात यावं लागे. आता लोक गोधडीतून ऐकतात आणि काकडा झाला म्हणतात. आज किती होतो आपण? सात.” आम्ही मोजले होते, सातच होतो, आणि त्यांत एक पाहुणा आम्ही.

शेतकऱ्यालाही आम्ही विचारले, भोंगा बंद करवू का? ते एकदम म्हणाले, “काकडा बंद करू नका जी, जन्मापासून ऐकतो. आमच्याकडं तोंड आहे तो एक कर्णा तेवढा फिरवा.” दुसऱ्या दिवशी तो फिरवला. पण फिरवलेला कर्णा दुसऱ्या कोणाच्या तरी खाटेकडे तोंड करणारच, म्हणून तिसऱ्या दिवशी मंडळींनी चारही बंद ठेवले.

त्या दिवशी दुपारी गावाच्या दुसऱ्या टोकाहून एका आजीबाईंचा निरोप आला. दोन वर्षे त्या अंथरुणाला खिळून आहेत. पहाटेचा भोंगा हेच त्यांचे देऊळ होते, आणि आज देव उठला की नाही हे त्यांना कळले नव्हते. एवढा विचार करून ठेवला होता, पण त्यात या माउली आमच्या ध्यानी आल्या नव्हत्या. काकडा संपल्यावर टाळ घेऊन रोज त्यांच्या दारापर्यंत चालत जावे, एवढेच आम्हाला सुचले. मंडळी म्हणाली, जाऊ. पण गल्ली अरुंद आहे, आणि तेथे अजून चिखल आहे.