न कळणारी भाषा आणि दूरचा शेजार

माणसाने पाठवलेले एक मराठी वाक्य आज पृथ्वीपासून २,४०० कोटी किलोमीटरहून अधिक दूर आहे. १९७७ साली व्हॉयेजर नावाची दोन याने निघाली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसवलेली आहे आणि तिच्यात ५५ भाषांतली अभिवादने ध्वनिमुद्रित आहेत. मराठी अभिवादनात नमस्कार आहे, पृथ्वीवरच्या लोकांचे शुभविचार आहेत आणि ऐकणाऱ्याने ह्या जन्मी धन्य व्हावे, अशी इच्छा आहे.

मी भाषांतरे करते, त्यामुळे माझे लक्ष 'ह्या जन्मी' या दोन शब्दांपाशी अडते. इंग्रजीत 'या आयुष्यात' अशा अर्थाचे काहीतरी घालून वेळ निभावता येईल. पण मराठीत 'ह्या' म्हटले की मागचे आणि पुढचे जन्म न बोलावता येऊन उभे राहतात. 'धन्य' त्याहून अवघड. त्याचा अर्थ सुखी असा नाही, यशस्वी असा नाही, भाग्यवान म्हटले तरी पुरत नाही. कन्नड किंवा बंगाली वाचकाला यातले बरेचसे आपोआप कळेल, कारण हे दोन्ही शब्द त्याच्याही घरात नांदतात. पोलिश वाचकासाठी तळटीप द्यावी लागेल. आणि जो जन्मतच नाही, मरतही नाही, किंवा ज्याच्या बाबतीत 'एक जीव' कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हेच सांगता येत नाही, अशा कोणासाठी काय करावे लागेल?

विश्वात इतरत्र बुद्धिमान जीव आहेत का, हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञांचा आहे आणि त्याचे उत्तर शोधण्याची साधनेही त्यांच्याकडेच आहेत. पण उत्तर मिळाले तर ते उत्तर आहे हे आपण कशावरून ओळखणार, हा प्रश्न भाषेचा आहे. आणि ओळखता आले नाही तर समोरच्याशी कसे वागायचे, हा नीतीचा. या लेखात मला शेवटच्या दोन प्रश्नांबद्दल बोलायचे आहे.

शोधाची हकीकत थोडक्यात अशी. १९६० साली फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँक येथील रेडिओ दुर्बीण टाउ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांकडे वळवली आणि कोणी बोलत आहे का, ते ऐकले. काही ऐकू आले नाही. त्यानंतर ऐकण्याची साधने कितीतरी पटींनी सुधारली. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला परग्रह १९९५ साली सापडला, आणि आज अशा सिद्ध झालेल्या परग्रहांची संख्या ६,००० च्या पुढे गेली आहे. जागा भरपूर आहेत, आवाज मात्र नाही. एन्रिको फर्मी यांनी १९५० साली लॉस अलामॉस येथे जेवणाच्या टेबलावर विचारलेला प्रश्न अजून तसाच आहे: एवढे सगळे असेल, तर मग आहेत कुठे सगळे?

या शांततेतून काढलेला सर्वांत सोपा निष्कर्ष म्हणजे तिथे कोणी नाही. तो खराही असेल. पण त्याच्या पोटात एक गृहीतक दडलेले आहे: कोणी बोलले असते तर ते बोलणे आहे हे आपल्याला कळले असते. भाषांतर करणाऱ्या कोणालाही हे गृहीतक इतक्या सहज मान्य करता येणार नाही.

यावर नेहमीचे उत्तर गणिताचे असते. शब्द बदलतात, दोन आणि दोन चारच राहतात. या विश्वासावर हान्स फ्रॉइडेन्थाल या गणितज्ञाने १९६० मध्ये 'लिंकोस' नावाची एक आख्खी भाषा रचली. अंकांपासून सुरुवात करून ती माणसांच्या वागण्यापर्यंत पोहोचू पाहते. १६ नोव्हेंबर १९७४ रोजी प्वेर्तो रिको येथील आरेसिबो दुर्बिणीवरून एम-१३ या तारकागुच्छाकडे एक संदेश पाठवला गेला, तोही याच विश्वासावर. त्यात १,६७९ अंक होते, शून्य आणि एक. ही संख्या २३ आणि ७३ या दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे. म्हणजे ऐकणाऱ्याने ते अंक आयतात मांडून पाहावेत, मग त्यातून चित्र उमटेल, अशी अपेक्षा. चित्रात एक ते दहा अंक, काही मूलद्रव्ये, डीएनएची रचना, माणसाची आकृती आणि आपली सूर्यमाला.

ही कल्पना मला फार आवडते, पण तिच्यातल्या गृहीत गोष्टी मोजू लागले की बोटे पुरत नाहीत. समोरच्याला दृष्टी आहे, तो सपाट चित्र वाचतो, रेषेने वेढलेली जागा म्हणजे वस्तू असे मानतो, आणि दोन हात-दोन पाय असलेली काडीसारखी आकृती हेच पाठवणाऱ्याचे रूप, असे त्याला वाटते. गणित कदाचित सगळीकडे सारखे असेल. पण गणित सांगण्यासाठी वापरलेले चित्र हे एका विशिष्ट प्राण्याचे हस्ताक्षर आहे. संगीताचेही तसेच. व्हॉयेजरच्या तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे. तिचे स्वर कोणी मोजू शकेल. पण भैरवी सुरू झाली की मैफल संपत आली हे समजून श्रोत्यांच्या मनात जे दाटून येते, ते मोजून सापडणार नाही.

एवढ्या लांब जाण्याचीही गरज नाही. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरची चिन्हे माणसांनीच कोरली, आणि तीही याच उपखंडातल्या. व्हॉयेजर निघाले त्याच १९७७ साली इरावतम महादेवन यांनी या लेखांची सूची प्रसिद्ध केली आणि ४१७ वेगवेगळी चिन्हे नोंदवली. बहुतेक लेख अगदी त्रोटक, सरासरी पाचेक चिन्हांचे. सोबत दुसऱ्या भाषेतला मजकूर असलेला एकही लेख मिळालेला नाही. २००४ मध्ये तीन अभ्यासकांनी तर असे मांडले की ही लिपी नव्हेच, ती भाषा न लिहिणारी चिन्हव्यवस्था आहे. वाद अजून मिटलेला नाही. तामिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी २०२५ च्या जानेवारीत उलगडा करणाऱ्यास १० लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले. ज्यांच्या विटांचे माप आपल्याला ठाऊक आहे, ज्यांची गटारे आणि वजने आपण पाहिली आहेत, ज्यांचे शरीर आपल्यासारखेच होते, ते काही म्हणत होते की नाही यावरही आपले एकमत नाही. मग दूरच्या ताऱ्याकडून आलेल्या कुजबुजीबद्दल एवढी खात्री कुठून येते?

व्हॉयेजरच्या तबकडीवर अभिवादनांच्या सोबत आणखी एक आवाज आहे. तो हंपबॅक देवमाशांचा. त्यांना काय म्हणायचे आहे हे ती तबकडी बनवणाऱ्यांना माहीत नव्हते, आणि आजही कोणी ते मराठीत उतरवून देऊ शकणार नाही. पृथ्वीच्या वतीने गेलेल्या निरोपात न समजलेला एक निरोप आपण सामील केला. त्या काळी जगभर देवमाशांची शिकार चालू होती, हेही सोबत लक्षात ठेवावे. न कळलेल्या आवाजाला अभिवादनांत जागा देणे आणि त्याच्या मालकाला मारणे, दोन्ही एकाच वेळी चालू होते.

इथून प्रश्न नीतीचा होतो. जे बोलणे कळत नाही ते बोलणेच नव्हे, आणि ज्याला बोलता येत नाही त्याला बुद्धी नाही, ही उडी माणसाने फार वेळा मारली आहे. ग्रीकांनी परक्यांना जो शब्द दिला तो त्यांच्या बडबडीची नक्कल होता, आणि त्यातून पुढे 'रानटी' हा अर्थ आला. आपला 'म्लेच्छ' याच वाटेने आला आहे. त्याचे मूळ अस्पष्ट, अशुद्ध बोलण्यात आहे. शतपथ ब्राह्मणात असुरांचे बिघडलेले उच्चार आणि त्यांचा पराभव एकाच कथेत येतात, आणि ब्राह्मणाने तसे बोलू नये, असा दंडक त्याला जोडलेला आहे. भाषेविषयीचा शेरा हळूहळू माणसाविषयीचा शेरा झाला. आजही आपण संताळी किंवा गोंडीला सवयीने 'बोली' म्हणून मोकळे होतो, तेव्हा त्याच वाटेवर थोडे चालतो.

याच्या उलट वागण्याचे एक उदाहरण भारताच्या हद्दीतच आहे. अंदमानातल्या उत्तर सेंटिनल बेटावरच्या लोकांची भाषा आपल्याला येत नाही. ती शिकण्याइतका त्यांचा सहवास कोणाला मिळालेला नाही. १८८० मध्ये एम. व्ही. पोर्टमन या ब्रिटिश अधिकाऱ्याने तिथून एक वृद्ध जोडपे आणि चार मुले पोर्ट ब्लेअरला आणली. वृद्ध दोघे आजारी पडून मेले. मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडण्यात आले. स्वतंत्र भारताच्या काळातही नारळ घेऊन मोहिमा जात राहिल्या. १९९१ मध्ये अशाच एका मोहिमेत बेटावरच्या लोकांनी हातातून नारळ घेतले, मानवशास्त्रज्ञ मधुमाला चट्टोपाध्याय त्या मोहिमेत होत्या. त्यानंतर काही वर्षांतच सरकारने या मोहिमा थांबवल्या. शेजारच्या जमातींना संपर्काची काय किंमत मोजावी लागली, ते तोवर पुरेसे दिसले होते. २००४ च्या त्सुनामीनंतर पाहणीसाठी गेलेल्या हेलिकॉप्टरवर बेटावरच्या एकाने धनुष्य रोखले. त्यावरून ते जिवंत आहेत हे कळले. आजचे धोरण दुरून लक्ष ठेवण्याचे आहे, जवळ जाण्याचे नाही.

मला हे धोरण आपल्या काळातल्या महत्त्वाच्या नैतिक निर्णयांपैकी एक वाटते. इथे त्यांच्या भाषेतला एकही शब्द न कळता त्यांचे म्हणणे मान्य केले गेले. धनुष्य रोखणे हे वाक्य आहे, त्याला व्याकरण लागत नाही. त्यांना मान द्यायची की नाही, हे आपण त्यांचे व्याकरण समजेपर्यंत लांबणीवर टाकले नाही.

१९७३ मध्ये जॉन बॉल या खगोलशास्त्रज्ञाने फर्मीच्या प्रश्नाला एक उत्तर सुचवले: ते आहेत, त्यांना आपण दिसतोही, पण त्यांनी ठरवून आपल्याला आपापले राहू दिले आहे. या कल्पनेला प्राणिसंग्रहालयाचे नाव मिळाले. मला ते नाव पटत नाही. पिंजऱ्यापेक्षा सेंटिनलभोवतीचे पाणी तिला अधिक जवळचे आहे. ही कल्पना खरी असल्याचा कोणताही पुरावा नाही. पण तिच्यामुळे एवढे दिसते की शांततेचा अर्थ 'कोणी नाही' एवढाच होतो असे नाही. शांतता हा शिष्टाचारही असू शकतो.

मग आपण काय करावे? आरेसिबोच्या संदेशावर मार्टिन राइल या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञांनी हरकत घेतली होती. त्यांना भीती होती ती ऐकणारे आपल्यावर चालून येतील याची. माझी हरकत वेगळी आहे. तो संदेश सगळ्या पृथ्वीच्या नावाने गेला आणि त्यासाठी पृथ्वीला कोणी विचारले नाही. व्हॉयेजरची तबकडी त्या मानाने पुष्कळ उदार आहे, पण तिच्या ५५ भाषांत सुमेरी आणि हित्ती या मेलेल्या भाषा आहेत, तमिळ आणि मलयाळम नाहीत. यात कोणाचा आकस नव्हता. घाईत, कॉर्नेल विद्यापीठाच्या परिसरात जे भाषक मिळाले त्यांच्याकडून अभिवादने घेतली गेली. पण 'आम्ही पृथ्वीवरचे लोक' असे म्हणणे किती अवघड आहे, हे त्या यादीतून कळते. भारतासारख्या देशात 'आम्ही' हा शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेताना कोण आत येते आणि कोण बाहेर राहते, हे आपण रोज पाहतो. मराठीत तर 'आम्ही' आणि 'आपण' यांतच तो फरक आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सगळ्यांनीच नुसते ऐकायचे ठरवले तर बोलणार कोण? सगळे विश्व सभ्यपणे गप्प बसेल आणि कोणाचीच कोणाशी ओळख होणार नाही. या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढे म्हणता येईल की भाषांतराच्या कामात बहुतेक वेळा लेखक आपल्याशी बोलत नसतोच. तो त्याच्या लोकांशी बोलत असतो आणि आपण बाहेरून, उशिरा, त्याच्या नकळत ऐकत असतो. ओळख तरीही होते. ती ऐकणाऱ्याच्या कष्टातून होते. आणि आपल्याकडून चुकून बाहेर पडणाऱ्या रेडिओलहरी, रडारचे झोत, हे बोलणे आधीच चालू आहे. कोणाला कान असतील तर तो ऐकत असेल.

पुण्याजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्याकडे जग मुख्यतः आकाशगंगा आणि स्पंदक तारे ऐकण्यासाठी येते. परक्या बुद्धीचा आवाज तिथे किंवा आणखी कुठे ऐकू येईल की नाही, हे मला सांगता येणार नाही. पण तो आला, आणि उलगडला नाही, तर पहिल्या दिवशी काय करायचे हे मात्र आताच ठरवता येते. उलगडत नाही म्हणून तो निरर्थक ठरवायचा नाही, आणि आपल्याला सोयीचा अर्थ त्यात भरायचा नाही. कोणीतरी काहीतरी म्हणत आहे, एवढे आधी मान्य करायचे. ही सवय आकाशासाठी राखून ठेवण्याची गरज नाही. शेजारच्या गावात, शेजारच्या भाषेत, ती आजही वापरता येते, आणि तिथे ती आपल्याला जमली नसेल तर ताऱ्यांपाशी एकाएकी जमेल असे मानायला काही कारण नाही.