हक्कसोड

मागच्या भीमजयंतीला विहारासमोर उभा राहून मी हिंदू कोड बिलावर वीस मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. त्यानंतर तीन आठवड्यांनी मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या दारात उभा होतो, पिशवीत हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन. हे लिहिणारा कोण आहे ते आधी कळू द्या, मग पुढचं वाचा.

बा गेला. मिलमधून सुटल्यावर तीन वर्षंही जगला नाही. मागं ठेवलं काय? जांभूळला दोन खोल्या, बँकेत थोडी ठेव आणि अकरा गुंठे जमीन. जमीन वतनाची. पणज्यानं गावकीचे निरोप पोचवले, ढोरं ओढली, त्याच्या बदल्यात पोटाला लावलेला तुकडा. 1958 च्या कायद्यानं ही वतनं गेली, 1 ऑगस्ट 1959 पासून. पैसे भरून ज्यांनी जमीन परत नावावर करून घेतली त्यांच्यात माझा आजा होता. पण सातबाऱ्यावर ती भोगवटादार वर्ग दोनच राहिली. कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, तुकडे पाडून वाटताही येत नाही. इतकी वर्षं तिथं भात व्हायचं, तेही पोटापुरतं नाही. आता बदलापूर वाढत वाढत अंगावर आलंय, तेव्हा दलाल मोटारसायकलवरून येतात आणि बाला 'शेठ' म्हणून विचारतात. मेलेल्या बाला.

वारसाची वाट सरळ आहे म्हणतात. मृत्यूचा दाखला घ्यायचा, तलाठ्याकडं अर्ज द्यायचा (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पाटी बदललीय), वारसांची नावं लिहायची. फेरफार पडतो, नोटिसा निघतात, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. बँकेत नॉमिनी नसेल तर दिवाणी कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट काढा, पेपरात जाहीर नोटीस द्या, तारखा घ्या. आमच्या ठेवीला थोरला नॉमिनी होता, तेवढी कोर्टाची पायरी वाचली. पण नॉमिनी झाला म्हणजे मालक झाला असं नाही. तो फक्त पैसे हातात घेणारा. कालनिर्णयवाल्या साळगावकरांच्या घरचा दावा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, 2023 ला निकाल लागला, शेअर्सच्या बाबतीतही हेच ठरलं. थोरल्याला हे सांगितलं तेव्हा तो दोन दिवस जेवायला आला नाही.

अर्जाचा कागद समोर घेतला आणि थोरला म्हणाला, आईचं लिही, तुझं माझं लिही, ताईचं नको. तिचं हक्कसोड घेऊन टाकू. बा स्वतः म्हणायचा, जमीन पोरांची.

बा म्हणायचा, हे खरं आहे. मी ऐकलंय. पण तोंडी बोलणं म्हणजे मृत्युपत्र नव्हे. त्याला लेखी कागद लागतो, मरणाऱ्याची सही नाहीतर अंगठा लागतो, दोन साक्षीदार लागतात. मुंबई शहरात तर त्यावर हायकोर्टाचं प्रोबेट घेणं कितीतरी वर्षं सक्तीचं होतं. म्हणजे मेलेल्या माणसाची इच्छा खरीच त्याची का, हे कायदासुद्धा तपासून घेतो. मग मी का तपासू नये? बानं ते स्वतः विचार करून म्हटलं का? का त्याच्या बानं म्हटलं, आणि त्याच्या बाला पाटलाच्या ओसरीवर ऐकू आलं? वतन जमिनीचं मिळालं तसं हेही वारशानं मिळालं असणार. वंशपरंपरा.

थोरल्याचा पुढचा डाव ऐका. म्हणाला, आपण बौद्ध. हिंदू वारसा कायदा आपल्याला लागतोच कसा? दोस्तहो, मी क्षणभर गप्प झालो. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेला माणूस बहिणीचं नाव कापायला धम्माची कात्री काढतो! तो कायदा 17 जून 1956 चा. दीक्षा झाली 14 ऑक्टोबरला, चारच महिन्यांनी. आपण हिंदू धर्म सोडला तरी वाटणी हिंदू नावाच्या कायद्यानंच होते, कारण त्याच्या दुसऱ्या कलमात बौद्ध, जैन, शीख घातलेले आहेत. नावाची लाज वाटते, मलाही वाटते. पण त्या कायद्याच्या मुळाशी बाबासाहेबांचं बिल आहे. राव समितीच्या मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता, तो प्रवर समितीत मुलाइतका झाला. 27 सप्टेंबर 1951 च्या राजीनाम्यात हे बिलही एक कारण होतं. वडिलोपार्जितात मुलीला मुलाइतकाच हिस्सा देशभर यायला 2005 उजाडलं, आणि बाप आधी मेलेला असला तरी तो मिळतो हे सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं 11 ऑगस्ट 2020 ला. तेव्हा लागतो का म्हणून विचारू नकोस, असं मी थोरल्याला म्हणालो. म्हणालो, आणि तरीही पिशवी घेऊन ताईकडं गेलो. घरातलं भांडण मिटावं म्हणून. माणूस असाच असतो, निदान मी तरी आहे.

ताई पोराचा डबा भरत होती. हात पुसून म्हणाली, "कुठं करू सही?" वाचलंच नाही. मी म्हणालो, आधी ऐक तरी. मोठ्यानं वाचायला लागलो. 'माझे राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय' इथपर्यंत आलो आणि पुढं वाचता येईना. ती म्हणाली, "मला काय करायचीय जमीन? वर्षातनं एकदा साडीचोळी करा, माझ्या पोरांना मामा राहू दे, झालं." म्हणजे किंमत ठरलेली होती. जमीन द्यायची आणि भाऊ विकत घ्यायचे.

इथं खरा प्रश्न आहे, आणि चळवळीतले आपण त्याला घरगुती भानगड म्हणून टाळतो. ती स्वतःहून देत असेल तर नको म्हणणारा मी कोण? सोडणं वाईटच असतं का? 19 मार्च 1928 ला बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्याला दुरुस्तीचं बिल आणलं. वतनाच्या तुकड्यासाठी गुलामीला चिकटू नका, असंच त्यांचं सांगणं होतं. आपल्या किती म्हाताऱ्यांना ते पटलं नाही! मग सोडणं हीसुद्धा मुक्ती असू शकते. पण महाराला वतनाबरोबर गुलामी सोडायची होती. ताईनं जमीन सोडली तर तिचं काय सुटतं? ती भावाच्या उपकारात आणखी एक गाठ घालून घेते. आणि नाही म्हटलं तर माहेर तुटणार, हे ठाऊक असताना दिलेल्या होकाराला राजीखुशी म्हणायचं? आमच्या पणज्यानंसुद्धा राजीखुशीनंच ढोरं ओढली असं पाटील सांगायचा.

कागदाला हसू नका. बाबासाहेब 6 डिसेंबर 1956 ला गेले आणि त्यांची हस्तलिखितं दिल्ली हायकोर्टाच्या ताब्यात गेली, तिथून महाराष्ट्राच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर जनरलकडं. वारसाचा आणि हक्काचा घोळ सुटेपर्यंत पेट्या बंद. वसंत मून खटपट करत राहिले, तेव्हा 1981 च्या सप्टेंबरात त्या पेट्या बाहेर आल्या. रिडल्स छापून आलं 1987 ला. पंचवीस वर्षं त्यांचे शब्द कुलपात पडून होते आणि आपण बाहेर जयजयकार करत होतो. त्या पेट्या सुटायला कायदेशीर वारसांची संमती लागली, माईसाहेब आणि प्रकाश आंबेडकर यांची. आपल्या लोकांनी माईसाहेबांना काय काय ऐकवलं ते इथं काढत नाही. पण तिथं एका बाईचा शब्द लागला तो वारस म्हणून. आमच्या घरातही एका बाईची सही लागते, ती वारस नाही असं तिच्याच हातानं लिहून घ्यायला.

मसुदा घडी करून पिशवीत ठेवला आणि निघालो. अर्ज चार नावांचा दिला. आई काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी स्वतःचं आधार कार्ड आणून माझ्यापुढं ठेवलं. थोरल्यानं बोलणं टाकलं. आणि ताईनं? ताई रडली. म्हणाली, "तुझ्या भाषणापायी माझं माहेर गेलं." याला माझ्याकडं उत्तर नाही. मी तिला विचारून तिचं नाव लावलं नव्हतं, तेही तिच्यावर लादणंच झालं, असं रात्रपाळीत यंत्रापुढं उभा असताना वाटत राहतं. एवढंच समजलंय की जे अजून नावावरच नाही ते कुणी देऊ शकत नाही. आधी तिचं होऊ दे. मग तिला ठेवायचं तर ठेवू दे, फेकायचं तर फेकू दे.

नोंद मंजूर झाली. उतारा काढून ताईकडं घेऊन गेलो. तिनं विचारलं, "माझं कुठं आहे?" बोट ठेवून दाखवलं. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "दादाचा फोन आलता. आता कर म्हणतो सही. करू का?"

मी म्हणालो, तुझं तू बघ.

उतारा तिनं पोराच्या दप्तराच्या मागं, खिळ्याला अडकवलेल्या पिशवीत ठेवलाय. सही अजून केलेली नाही.