आधी कोणाचे देणे?

घरातला कर्ता माणूस गेला, की पहिल्या महिन्यात उंबरठ्यावर दोन प्रकारची माणसे येतात. काही सांत्वनाला, काही हिशेबाला. मागे राहिलेल्या आईला दोघांनाही बसायला पाट द्यावा लागतो. ऋण फेडावे, याविषयी आपल्यात दुमत नाही. परंतु पगार एकच आणि पहिली तारीख महिन्यातून एकदाच येत असेल, तर आधी कोणाचे फेडावे? हा प्रश्न व्यवहाराचा म्हणून आपण बाजूला ठेवतो. माझ्या मते तो सदसद्विवेकबुद्धीचा आहे.

उरण तालुक्यातील जासईचे उदाहरण घेऊ. हे दि. बा. पाटील यांचे जन्मगाव. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी या पट्ट्यातील जमिनी घेतल्या गेल्या. १६ जानेवारी १९८४ रोजी जासईजवळ दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी नवघर येथे गोळीबार झाला. त्या दोन दिवसांत पाच जणांनी प्राण दिले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पुढे आला. १९८९ मध्ये न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले. भाताची खाचरे आणि मिठागरे यांच्या जागी कंटेनरची आगारे उभी राहिली.

या इतिहासाचा विधवेच्या कर्जाशी संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध असा, की पूर्वी कर्ज सुगीला फिटत असे आणि तोवर कोठीतले भात मुलांच्या ताटात पडत असे. सावकार दारात असला तरी चूल पेटलेली असे. आता तांदूळ, शाळेची फी, विजेचे बिल आणि कर्जाचा हप्ता हे सारे रोख रकमेच्या एकाच रांगेत उभे असतात. मूल आणि धनको समोरासमोर आले ते इथे.

असे एक घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. नवरा आगारात कंत्राटी कामगार होता. बाई आता गोदामात मालाच्या बांधणीचे काम करते. पदरी दोन मुले. देणी चार: मोटारसायकलचा हप्ता, खाजगी सावकाराचे वीस हजार, वाण्याची उधारी आणि आजारपणात शेजारणीने बिनकागदाने हातावर ठेवलेले पाच हजार. सावकाराचा दर महिना शेकडा पाच. म्हणजे दरमहा हजार रुपये व्याज. वीस महिन्यांत वीस हजार देऊनही मुद्दल जागच्या जागी! हीच रक्कम पतसंस्थेकडून वर्षाला बारा टक्क्यांनी मिळाली, तर पहिल्या महिन्याचे व्याज दोनशे होते. तेव्हा पहिले काम सावकार बदलण्याचे. (परवान्याशिवाय सावकारी हा महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे त्या गृहस्थालाही ठाऊक असते.) गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या स्त्रियांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणून बँकेचे कर्ज मिळवून दिले, ते याच हिशेबासाठी.

प्रत्यक्षात मात्र ही बाई कोणाचे आधी देते? जो दारात येऊन आवाज चढवतो त्याचे. त्याच्यानंतर ज्याच्याकडे सहीचा कागद आहे त्याचे. शेजारीण आवाज चढवत नाही, तिच्याकडे कागद नाही, म्हणून तिचे सर्वांत शेवटी. मुले तर रांगेतच नसतात. त्यांचे दूध कमी होते, एवढेच.

कायद्याची दृष्टी याहून निर्मळ आहे. ख्रिस्ती कुटुंबांना लागू होणाऱ्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात मृताच्या मालमत्तेतून काय कोणत्या क्रमाने द्यावे ते सांगितले आहे. आधी अंत्यविधीचा आणि अखेरच्या आजाराचा वाजवी खर्च. मग वारसपत्रादी कोर्टकामाचा. मग मजूर, कारागीर आणि घरगडी यांची शेवटच्या तीन महिन्यांची मजुरी. आणि त्यानंतर बाकीचे धनको, सर्वांना सारख्या प्रमाणात. आरडाओरड करणाऱ्याला अग्रक्रम कोठेही नाही. शिवाय मृताच्या कर्जासाठी वारस जबाबदार असतो तो मिळालेल्या मालमत्तेपुरताच. बाईने स्वतः सहकर्जदार वा जामीन म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी. भविष्य निर्वाह निधीतून नामनिर्देशित वारसाला मिळणाऱ्या रकमेला मृताच्या कर्जदारीची झळ लागत नाही, अशी तरतूद १९५२ च्या कायद्यापासून आहे. मोटारसायकल तारण असेल तर ती खुशाल परत करावी. तिच्यावर बसणारा आता नाही.

मग कायद्याने सोडले म्हणजे विवेकानेही सोडले काय? येथे आपला समाज फार लवकर टाळ्या वाजवतो. दागिने मोडून, अर्धपोटी राहून नवऱ्याची पै न् पै फेडणाऱ्या स्त्रीचे आपण तोंड भरून कौतुक करतो. तिने त्याचे नाव राखले म्हणतो. या कौतुकाला आपल्याला काही पडत नाही. किंमत मुलांनी मोजलेली असते. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता ऋणकोची स्वयंपाकाची भांडी, अंथरूण आणि कारागिराची हत्यारे जप्त करू देत नाही. अनुवादाच्या पुस्तकात जाते गहाण घेण्यास आणि विधवेचे वस्त्र तारण ठेवण्यास मनाई आहे. जे धनकोने मागू नये, ते आईने स्वतःहून काढून द्यावे अशी अपेक्षा करणारे आपण कोण?

राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातील विधवा आपल्या परिचयाची आहे. धनको तिची दोन मुले दास करून नेण्यास आला होता. अलीशा तिला कर्ज बुडव म्हणत नाही, आणि मुले देऊन टाक असेही म्हणत नाही. घरात काय आहे, हे तो आधी विचारतो. एक तेलाचे भांडे. शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायची, म्हणजे ऋणमुक्तीसाठीही पुन्हा उसनवारी आलीच. मग दार लावून ती ओतते आणि मुले भांडी पुढे करतात. देणे फेडून उरलेल्यावर मायलेकरांनी जगायचे, हा शेवट सर्वांना आठवतो. भांडी पुढे करणारी मुले फारशी कोणाला आठवत नाहीत. दहा वर्षांच्या मुलापासून घराचा हिशेब लपवू नये, असे मला त्यावरून वाटते. त्याला आकडा सांगावा, धास्ती सांगू नये. अन्न, औषध, शाळा हे त्याचे देणे आधीचे. पहिल्या कम्युनियनचा हॉल आणि केक त्या देण्यात येत नाहीत. तो खर्च बहुधा शेजाऱ्यांच्या नजरेसाठी असतो.

राहिली शेजारीण. तिचे पाच हजार कोणतेही कोर्ट या बाईकडून वसूल करून देणार नाही, म्हणूनच ते आधी. कदाचित तिनेही ते भिशीतून उचलले असतील. पगार झाला की, तिने विचारण्यापूर्वी, शंभराच्या दोन नोटा घेऊन तिच्या दारी जावे. ती म्हणेल, "ऱ्हाऊ दे गो, पोरांना होतील." त्या महिन्यात खरोखरच वह्या घ्यायच्या असतील, तर संकोच न करता नोटा परत आणाव्यात, आणि पुढच्या पहिल्या तारखेला पुन्हा जावे.