श्वास अडतोय की मन?

॥ श्री गुरवे नमः ॥



गेल्या गुरुवारी आरतीनंतर इंदूर केंद्रातली एक मुलगी आम्हा सेवेकरी बायकांजवळ येऊन बसली. (तिला विचारूनच लिहीत आहोत.) दोन वर्षांपूर्वी तिने नाकाची शस्त्रक्रिया करून घेतली. पण नाकाच्या दांड्यावर एक खळगा राहून गेला. एक डॉक्टर म्हणतात पुन्हा ऑपरेशन करा, दुसरे म्हणतात फिलरचं इंजेक्शन घ्या, लगेच भरून येईल. "काकू, काय करू? आणि साधकाला हे शोभतं का?"

आम्ही भांडी पुसता पुसता सांगून मोकळ्या झालो, "देहाचे चोचले गं ते. नामात मन लाव." ती हळूच म्हणाली, "काकू, अनुलोम-विलोमला बसले की उजव्या नाकपुडीतून श्वासच येत नाही."

आम्ही गप्प झालो. घरी जाऊन मात्र विचार केला, थोडं वाचलं, जाणकारांना विचारलं.

देवाने दिलेल्या देहाला हात लावू नये, असं आपण पटकन म्हणतो. पण तुटलेलं नाक जोडण्याची रीत सुश्रुतसंहितेत सांगितली आहे. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये कावसजी नावाच्या गाडीवानाची हकीकत छापून आली. युद्धकैदी असताना त्याचं नाक कापलं गेलं होतं. पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी घेऊन ते नवं करून दिलं. ती वाचून तिकडचे डॉक्टर ही विद्या शिकले. त्या गाडीवानाला कोण म्हणेल की हे चोचले आहेत?

म्हणजे देह दुरुस्त करणं हा दोष नाही. प्रश्न आहे तो, दुखतंय नेमकं काय?

फिलर म्हणजे बहुतेक वेळा हायल्युरॉनिक ॲसिडचं जेल. ते भर घालतं, पण आतला वाकडा पडदा सरळ करत नाही. काही महिन्यांनी ते विरतं, की पुन्हा सुई, पुन्हा खर्च. नको झालं तर ते विरघळवता येतं, हा मोठा फायदा. पण रक्तवाहिनीत शिरलं तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. आणि आधी ऑपरेशन झालेल्या नाकात हा धोका वाढतो. म्हणून "नुसतं इंजेक्शनच तर आहे" असं म्हणून चालत नाही.

दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड. आत व्रण असतात, पडद्यातली कूर्चा पुष्कळदा आधीच वापरलेली असते, मग कानाची किंवा बरगडीची घ्यावी लागते. पहिल्यानंतर निदान वर्षभर तरी थांबायला सांगतात, कारण सूज पूर्ण उतरायला तेवढा काळ जातो. पण श्वासाची वाट अशा शस्त्रक्रियेने मोकळी होऊ शकते.

आम्हाला वाटतं, श्वास अडत असेल तर उपचार घेणं हे कर्तव्यच. मन अडत असेल, तर आधी थांबावं. आरशासमोर रडून उठल्या उठल्या तारीख घेऊ नये. काही दिवस शांत बसून बघावं, की कुणीच बघणारं नसतं तर हे मला हवं असतं का? उत्तर "हो" आलं तरी त्यात पाप नाही. पण ते उत्तर तिचं स्वतःचं हवं.

आणि इथेच आमचं आम्हाला लाजायला झालं. तिने पहिलं ऑपरेशन का केलं? तिला स्थळं येत होती त्या दिवसांत आमच्यातल्याच एकीने हसत हसत म्हटलं होतं, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं!" सगळ्या हसलो होतो. आम्ही विसरलो, ती विसरली नाही. देहाचा मोह सोड असं तिला सांगणाऱ्या आम्ही, तिच्या देहावर बोट ठेवणाऱ्याही आम्हीच.

या गुरुवारी आम्ही तिची माफी मागितली. ती आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे श्वासाची तपासणी करून घेणार आहे, बाकीचं मग ठरवेल. आमच्यातली एक जण सोबत जाणार आहे.

पुढच्या पौर्णिमेपर्यंत आम्ही संकल्प केला आहे, की कुणाच्याही रंगा-रूपावर, नाका-डोळ्यांवर एक शब्द बोलायचा नाही, कौतुकानेसुद्धा नाही. पहिल्याच दिवशी दोनदा चुकलो! आपल्या केंद्रातही करून बघा, आणि अनुभव जरूर कळवा.

जय गुरुदेव 🙏