आवळा देऊन कोहळा

कर कमी करू आणि खर्चही वाढवू, असे सांगणाऱ्या उमेदवाराला एकच प्रश्न विचारावा: पैसे कोण भरणार? इस्राएलमध्ये जून १९८१ च्या निवडणुकीपूर्वी अर्थमंत्री योराम अरिदोर यांनी रंगीत टेलिव्हिजन व मोटारींवरील कर उतरवले. लोक खूश झाले. सरकारचा खर्च मात्र उतरला नाही. पुढे लेबनॉनच्या युद्धाचीही त्यात भर पडली. १९८४ साली महागाई ४०० टक्क्यांवर गेली. जुलै १९८५ मध्ये सरकारने जीवनावश्यक वस्तूंवरील अनुदाने कापली. ज्या गरिबाने टेलिव्हिजन घेतलाच नव्हता, त्यालाही पाव-दूध महाग झाले.

वाचकहो, हिशेब न मांडता दिलेले वचन म्हणजे शेजाऱ्याच्या नावावर केलेली उधारी. ती मुकाट्याने घेणारा मतदारही त्या पापाचा वाटेकरी असतो.