साष्टीची क्रिओल

दिंडोशीत राहणाऱ्या माणसाला आपण बेटावर राहतो असं कधी वाटत नाही. समोर हायवे, त्यावर मेट्रो, पाठीशी आरेचे आणि फिल्मसिटीचे डोंगर. समुद्र बघायचाच असेल तर मालाड स्टेशन ओलांडून मार्वे गाठावं लागतं. पण उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, दक्षिणेला माहीमची, असं हे साष्टी बेटच. १५३४च्या वसईच्या तहापासून १७३७च्या मराठ्यांच्या स्वारीपर्यंत त्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता. (गोव्यातली सासष्टी वेगळी, तिच्याशी गल्लत नको.) दोनशे वर्षांच्या या सहवासातून मुंबई, साष्टी, वसई, चौल या पट्ट्यात पोर्तुगीजवर आधारलेली एक क्रिओल बोली तयार झाली. आज साष्टीत ती कुणी बोलत नाही. ती गेली त्याची खंतही कुणाला दिसत नाही, आणि मला विचार करायला लावते ती हीच गोष्ट.

क्रिओल म्हणजे काय, याबद्दलचं मत दीडशे वर्षांत पार उलटंपालटं झालं. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय पंडितांच्या लेखी ती बिघडलेली भाषा होती: गुलामांना, नोकरांना मालकाची भाषा धड जमली नाही, म्हणून झालेली मोडतोड. या समजाला पहिला मोठा धक्का ग्राझच्या ह्यूगो शुखार्टने दिला. जगभरच्या लोकांना पत्रं धाडून नमुने मागवायचे आणि त्यांचा अभ्यास करायचा, ही त्याची रीत. १८८०च्या दशकात त्याने मांडलं की पूर्णपणे निर्भेळ अशी भाषाच नसते. मग क्रिओलला तेवढं वेगळं काढून नावं ठेवण्यात अर्थ उरत नाही.

आपल्या किनाऱ्यावर हे काम केलं गोव्यातल्या आसगावच्या सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो या पाद्रीने. सिलोन, गोवा, दमण इथल्या पोर्तुगीज बोलींवर लिहून झाल्यावर १९०६ साली त्याने ‘उत्तरेच्या’ बोलीचं, म्हणजे आपल्या या पट्ट्यातल्या बोलीचं वर्णन छापलं. गोव्याच्या नजरेने आपण उत्तरेकडचे! तोवर या बोलीचे दिवस भरत आले होते. त्याआधीच, १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात इथल्या मूळ ख्रिस्ती समाजाने स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घ्यायला सुरुवात केली होती. गोवेकर आणि मंगळूरकर ख्रिस्त्यांपासून आपण वेगळे आहोत, कंपनीच्या काळापासून इंग्रजांचे आहोत, हे सरकारी नोकऱ्यांसाठी दाखवायचं होतं. पोटापाण्याचा हिशेब होता, त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. पण सत्ता पोर्तुगीजांची राहिली नव्हती, रोजगार इंग्रजीत होता आणि घरात मराठीची बोली होतीच. क्रिओलला जागा उरली कुठे?

तिकडे कॅरिबियन बेटांवर गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. मार्टिनिकच्या एमे सेझेरने १९३९मध्ये काळ्या माणसाचा अभिमान गायला, पण तो अस्सल फ्रेंचमध्ये. त्याच बेटावरच्या एदुआर ग्लिसाँने नजर आफ्रिकेकडून बेटाकडेच वळवली: मूळ शोधत मागे जाण्यापेक्षा इथे जे एकत्र आलं त्याच्याकडे पाहा. १९८९ साली बर्नाबे, शामॉयझो आणि कॉन्फियाँ या तिघांनी तर क्रिओलपणाची प्रशस्ती करणारं पुस्तकच काढलं. अभिमानाचा जाहीरनामा निघाला की नवं कुंपण पडतं, तसं इथेही झालं असं माझं मत आहे. पण बोलीला मान मिळाला तो अशा धिटाईमुळेच. १९९२मध्ये सेंट लुशियाच्या डेरेक वॉलकॉटने नोबेल स्वीकारताना भाषणाची सुरुवात केली ती त्रिनिदादमधल्या एका गावच्या रामलीलेपासून. त्याच वर्षी मॉरिशसच्या खाल तोराबुली या कवीने ‘कुलित्यूद’ची कल्पना पुढे आणली. गुलामांच्या वंशजांची कहाणी झाली, करारावर जहाजात भरून नेलेल्या कुलीची कुठे आहे, हा त्याचा सवाल होता.

त्या कुलींमध्ये कोकणातली माणसंही होती. मॉरिशसमध्ये मराठी आज पूर्वजांची भाषा म्हणून शाळेत शिकवली जाते आणि गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. रोजच्या बोलण्यात मात्र बहुतेकांची भाषा क्रिओल. मराठी पूजेची आणि ओळखीची, क्रिओल भांडणाची आणि बाजाराची. देव विरासामी या नाटककाराने शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’वरून ‘तुफान’ रचलं ते क्रिओलमध्ये, आणि २०१२पासून ती तिथल्या प्राथमिक शाळेत विषय म्हणून आली.

आपल्याकडे भेसळीचा विचार बहुधा उलट्या दिशेने होत आला. शिवकाळातल्या रघुनाथपंतांच्या राज्यव्यवहारकोशापासून सावरकरांच्या भाषाशुद्धीपर्यंत कल आहे तो परके शब्द निवडून बाजूला काढण्याचा. पगार, चावी, तुरुंग, लिलाव हे पोर्तुगीज शब्द तरीही टिकले, पण तेवढ्याने मराठी क्रिओल ठरत नाही. शब्द उसने घेणं वेगळं आणि व्याकरणच नव्याने उभं राहणं वेगळं.

ते दुसरं पाहायचं तर रेवदंड्याजवळच्या कोर्लईला जावं. १७४०मध्ये पोर्तुगीजांनी ते सोडलं, पण गडाखालच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांची क्रिओल आजही बोलली जाते. बोलणारे तिला ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा म्हणतात. शब्द पोर्तुगीज, पण क्रियापद सरकत सरकत मराठीसारखं वाक्याच्या शेवटी येऊन बसलंय. मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी तर उकारान्त असा वेगळा गटच पडलाय. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन अभ्यासकाने तिच्यावर १९९६मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं. ती टिकली याचं कारण काही गोड नाही: धर्मामुळे आसपासच्या हिंदूंपासून आणि जातीमुळे इतर ख्रिस्त्यांपासून ही वस्ती तुटलेली राहिली. शाळा आणि नोकरी पोरांना बाहेर काढते तसं ते कुंपण विरतंय आणि त्याच्याबरोबर बोलीही. जात मोडावी आणि बोली राहावी, ही दोन्ही माणसाने एकदम कशी मागावी, हे मला सुचत नाही.

साष्टीत अशी वस्ती राहिली नाही. मनोरी-गोराईकडच्या ईस्ट इंडियन लग्नात आदल्या दिवशी बँड लावून विहिरीवर उंबराचं पाणी आणायला जातात, बायका लुगडी नेसतात, आणि बोलणं चालतं ते मराठीच्याच बोलीत. आपण शाळेत शिकतो त्या इतिहासात १७३९ म्हणजे चिमाजी अप्पांनी वसई जिंकली ते साल. विजय खराच, पण त्या गोष्टीत पोर्तुगीज जातात आणि मराठे येतात, बेटावर आधीपासून असलेला आणि नंतरही राहिलेला माणूस कुठल्याच बाजूला दिसत नाही. वाङ्मयातही तेच. फादर स्टीफन्सचं १६१६चं ख्रिस्तपुराण मराठीच्या अभिमानाचा भाग झालं. उत्तर कोकणच्या बोलीकडे झुकलेल्या मराठीत फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश याने रचलेलं पुराण १६५९ साली लिस्बनमध्ये छापलं गेलं. साष्टीच्या आसपासचं म्हणता येईल असं छापील साहित्य यापेक्षा जुनं क्वचितच सापडेल. मराठीचे किती प्राध्यापक त्याचं नाव घेतात, ते विचारून पाहावं.